वऱ्हाडातील पुराकथा

वऱ्हाडातील पुराकथा म्हणजे प्राचीन विदर्भदेशाशी आणि आजच्या अमरावती, अकोला, बुलढाणा, वाशीम व यवतमाळ या जिल्ह्यांच्या भूमीशी निगडित असलेल्या पौराणिक, महाकाव्यगत आणि मौखिक कथांचा समूह होय. कौंडण्यपूरच्या रुक्मिणीचे आख्यान हा या समूहाचा मध्यवर्ती भाग आहे. महाभारत, हरिवंश व पुराणे यांतून आलेल्या या कथा येथील गावांची नावे, देवस्थाने, विवाहगीते, आषाढी वारी आणि मराठी काव्य यांच्याशी एकरूप झाल्या आहेत. शौर्यगाथांपेक्षा कन्येच्या स्वयंनिर्णयाच्या कथांना असलेले प्राधान्य हे या परंपरेचे लक्षणीय वैशिष्ट्य आहे.

नाव आणि व्युत्पत्ती

‘वऱ्हाड’ या प्रदेशनामाची लोकप्रचलित उपपत्ती रुक्मिणीच्या लग्नाशी जोडलेली आहे. शिशुपालाचे व नंतर कृष्णाचे वऱ्हाड ज्या भूमीत आले तो वऱ्हाड, असे सांगितले जाते. अभ्यासक मात्र हे नाव ‘वरदातट’ या शब्दापासून आल्याचे मानतात. वरदा म्हणजे आजची वर्धा नदी. अकबराच्या काळातील ‘आइन-ए-अकबरी’ या ग्रंथातही वर्धा नदी आणि तट या दोन शब्दांवरून या सुभ्याचे नाव उलगडून सांगितले आहे. वरदेचा उल्लेख कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ या नाटकात येतो. तेथे विदर्भाचे राज्य दोन भावबंदांत वाटले जाते आणि वरदा नदी ही त्यांची सीमा ठरते. लोकव्युत्पत्ती भाषाशास्त्राच्या कसोटीवर टिकत नसली, तरी आपल्या प्रदेशाची ओळख तेथील लोकांनी एका लग्नाशी जोडून घेतली, ही गोष्ट सांस्कृतिक दृष्ट्या महत्त्वाची आहे.

विदर्भकन्यांची आख्याने

संस्कृत वाङ्मयात विदर्भाची प्रसिद्धी मुख्यतः तेथील राजकन्यांमुळे झाली आहे. त्यांपैकी चौघींची आख्याने विशेष प्रसिद्ध आहेत.

लोपामुद्रा: ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १७९ व्या सूक्तात अगस्त्य आणि लोपामुद्रा यांचा संवाद आहे. महाभारताच्या वनपर्वात ती विदर्भराजाच्या घरी वाढलेली कन्या म्हणून येते. अगस्त्याने मागणी घातली तेव्हा राजाला वनवासी ऋषीला मुलगी देणे जड वाटत होते, पण शापाचे भयही होते. त्या वेळी लोपामुद्रेने स्वतःच पित्याला या विवाहास संमती देण्यास सांगितले.

दमयंती: विदर्भाच्या भीम राजाची ही कन्या. नलाचेच रूप घेऊन स्वयंवरात बसलेल्या देवांमधून तिने खऱ्या नलाला ओळखून वरले. पुढे वनात त्यागली गेल्यावर दुसऱ्या स्वयंवराची वार्ता पसरवून पतीला शोधून काढण्याची युक्तीही तिचीच होती. श्रीहर्षाचे ‘नैषधीयचरित’ आणि मराठीतील रघुनाथ पंडितांचे नलदमयंती आख्यान ही याच कथेवरील काव्ये होत.

इंदुमती: कालिदासाच्या ‘रघुवंश’ महाकाव्याच्या सहाव्या सर्गात विदर्भराज भोजाची बहीण इंदुमती हिचे स्वयंवर वर्णिले आहे. एकेका राजाला मागे टाकत ती अजाच्या गळ्यात माळ घालते. दशरथ हा तिचा पुत्र, म्हणजे राम तिचा नातू.

रुक्मिणी: कुंडिनपूरच्या भीष्मक राजाची कन्या. तिचे आख्यान पुढे स्वतंत्रपणे दिले आहे.

या चौघींनाही ‘वैदर्भी’ म्हणजे विदर्भाची मुलगी म्हटले जाते. विवाहानंतरही त्यांची ओळख माहेरच्या नावाने टिकून राहिली. संस्कृत काव्यशास्त्रातील प्रसादगुणयुक्त ‘वैदर्भी’ रीतीलाही याच भूमीचे नाव मिळाले आहे.

रुक्मिणीहरणाचे कथानक

हे आख्यान हरिवंश, विष्णुपुराणाचा पाचवा अंश आणि भागवताचा दशम स्कंध यांत येते. भीष्मकाला रुक्मी आदी पाच पुत्र आणि रुक्मिणी ही एक कन्या होती. ज्येष्ठ बंधू रुक्मी याने तिचा विवाह चेदिराज शिशुपालाशी ठरविला. रुक्मिणीने मनाने कृष्णाला वरले होते. भागवतातील कथेनुसार तिने एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला निरोप धाडला. विवाहाच्या आदल्या दिवशी कुलदेवीच्या दर्शनाला नगराबाहेर जाण्याचा आपल्या कुळाचा रिवाज आहे, तेव्हा तेथून आपल्याला न्यावे, असे तिने त्यात सुचविले होते. त्याप्रमाणे कृष्णाने तिला रथात घेतले. जरासंध, शिशुपाल आदी राजांचा बलरामाने व यादवसेनेने पराभव केला. पाठलाग करणाऱ्या रुक्मीला कृष्णाने जिंकले, पण रुक्मिणीच्या विनवणीमुळे त्याचा प्राण न घेता केस व मिशा कापून त्याला विरूप केले.

बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा रुक्मीने केली होती. ती पुरी न झाल्याने तो परतला नाही आणि त्याने भोजकट नावाचे नवे नगर वसविले. पुढे भारतीय युद्धात साहाय्य देऊ केले असता दोन्ही पक्षांनी त्याला नाकारले. अखेर नातीच्या विवाहप्रसंगी द्यूताच्या वादात तो बलरामाच्या हातून मारला गेला.

ग्रंथागणिक तपशील बदलतात. हरिवंशात रुक्मिणी इंद्राणीच्या मंदिरात जाते, तर भागवतात ते मंदिर अंबिकेचे आहे. स्मृतिग्रंथांच्या वर्गीकरणानुसार हा राक्षसविवाह ठरतो, कारण कन्येचे बळाने हरण झाले. मराठी परंपरेने मात्र त्याला बहुधा ‘रुक्मिणीस्वयंवर’ असेच नाव दिले. मंडप, जमलेले राजे आणि वरमाला यांपैकी काहीही नसताना केवळ तिच्या पत्राला स्वयंवराचा दर्जा मिळाला. हरण करणारा कृष्ण असला तरी निवड करणारी रुक्मिणी होय, हा अर्थ या नावात सामावलेला आहे.

स्थळकथा

कौंडण्यपूर: अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी हे गाव आहे. प्राचीन कुंडिनपूर ते हेच, असे सामान्यतः मानले जाते. येथील टेकडीवर विठ्ठल-रुक्मिणीचे मंदिर असून अंबिकेचे स्थानही दाखविले जाते. कार्तिक महिन्यात येथे मोठी यात्रा भरते.

अंबादेवी, अमरावती: अमरावती शहरातील अंबादेवी मंदिरातूनच कृष्णाने रुक्मिणीचे हरण केले, अशी शहरात दृढ श्रद्धा आहे. मंदिरापासून कौंडण्यपूरपर्यंत भुयार होते असेही सांगितले जाते. शेजारीच एकवीरा देवीचे मंदिर आहे. नवरात्रात या दोन्ही मंदिरांत मोठी गर्दी होते. हरणाचे स्थळ कौंडण्यपूरची अंबिका की अमरावतीची अंबादेवी, याविषयी लोकपरंपरेत एकवाक्यता नाही.

भोजकट: अमरावतीजवळील भातकुली हे गाव भोजकटाशी जोडले जाते. भोजकट हे नाव केवळ पुराणातले नाही. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या पाचव्या शतकातील चम्मक ताम्रपटात ‘भोजकट राज्य’ असा प्रशासकीय विभाग आला असून त्यातील दान दिलेले चर्मांक गाव म्हणजे अचलपूरजवळचे चम्मक होय.

चिखलदरा: मेळघाटातील या ठिकाणाचे नाव ‘कीचकदरा’ या शब्दावरून आल्याचे सांगतात. भीमाने कीचकाला मारून येथील दरीत फेकले व भीमकुंडात हात धुतले, अशी कथा आहे. पांडवांचा अज्ञातवास झाला ते विराटनगर येथेच होते, अशी स्थानिक समजूत आहे. महाभारतातील मत्स्यदेश मात्र उत्तर भारतात, आजच्या राजस्थानात दाखविला जातो.

अकोला: शहरातील राजराजेश्वर मंदिराविषयी सांगतात की, मध्यरात्री पूजेला जाणाऱ्या राणीचा संशय घेऊन अकोलसिंह राजा तिच्या मागे गेला. तिने शिवाचा धावा करताच पिंडी दुभंगली, राणी आत अंतर्धान पावली आणि तिच्या वस्त्राचा पदर तेवढा बाहेर राहिला. श्रावणातील शेवटच्या सोमवारी गांधीग्राम येथून पूर्णा नदीचे पाणी कावडींनी आणून या पिंडीला अभिषेक केला जातो.

लोणार: बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर म्हणजे भूमीखाली राहणाऱ्या लवणासुराचे विवर आणि विष्णूने दैत्यसूदन रूपात त्याचा वध केला, अशी कथा आहे. तेथील दैत्यसूदन मंदिर प्रसिद्ध आहे. भूविज्ञानानुसार बेसाल्ट खडकातील हे विवर उल्कापातामुळे निर्माण झाले.

कोरकूंची उत्पत्तिकथा

वऱ्हाडातील सर्वच पुराकथा संस्कृत ग्रंथांतून आलेल्या नाहीत. मेळघाटातील कोरकू समाजाची भाषा मुंडा कुळातील असून त्यांची उत्पत्तिकथा स्वतंत्र आहे. तिच्यानुसार सातपुड्याचा प्रदेश निर्मनुष्य पाहून रावणाने महादेवाला विनंती केली. महादेवाने कावळ्याला वारुळाची लाल माती शोधावयास पाठविले आणि तिच्यापासून स्त्री व पुरुषाच्या आकृती घडविल्या. इंद्राच्या घोड्यांनी त्या पुन्हा पुन्हा मोडल्या, तेव्हा महादेवाने राखणीसाठी कुत्रा निर्माण केला आणि मग आकृतींत प्राण फुंकले. ही कथा रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जमाती व जातींविषयीच्या ग्रंथात नोंदविली आहे. रामायणात खलनायक असलेला रावण येथे मनुष्यजातीचा हितकर्ता आहे. एकाच प्रदेशात, चिखलदऱ्याच्या कीचककथेच्या शेजारी, अशी वेगळी दृष्टी नांदते.

मराठी साहित्यातील परंपरा

रुक्मिणी-आख्यानाचा मराठीतील आरंभ वऱ्हाडातच झाला. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महत्त्वाचे स्थान होय. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे गोविंदप्रभूंच्या मनात लग्नाचा खेळ मांडावा असे आले. भक्तांनी विवाहाचा घाट घातला आणि त्या प्रसंगी महदंबेने कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहावरील ‘धवळे’ रचून गायिले. धवळा म्हणजे वराला उद्देशून गावयाचे विवाहगीत. महदंबा ही ज्ञात असलेली पहिली मराठी कवयित्री मानली जाते. माहेरच्याच भूमीत, एका स्त्रीच्या मुखातून, लग्नगीताच्या रूपाने रुक्मिणीची कथा मराठीत आली. तिचे ‘मातृकी रुक्मिणीस्वयंवर’ हे काव्यही प्रसिद्ध आहे.

महानुभाव कवी नरेंद्र याच्या ‘रुक्मिणीस्वयंवर’ या काव्याविषयी पुढील आख्यायिका आहे. देवगिरीच्या रामदेवराव यादवाने ते काव्य स्वतःच्या नावावर मागितले आणि मोबदल्यात सोन्याची नाणी देऊ केली. नरेंद्राने नकार दिला. ग्रंथ राजाकडे ठेवावा लागला तेव्हा रातोरात जेवढ्या ओव्या उतरविता आल्या तेवढ्याच उरल्या, म्हणून काव्य अपुरे राहिले. महानुभावांच्या सातीग्रंथांत त्याचा समावेश होतो.

महानुभावांनी आपले ग्रंथ पुढे सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. त्यामुळे ते शतकानुशतके पंथाबाहेर अज्ञात राहिले, पण सुरक्षितही राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीचा उलगडा केला. पुढे वि. भि. कोलते आदी संशोधकांनी या वाङ्मयाचे संपादन केले.

संत एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ १५७१ मध्ये काशीत पूर्ण झाले. त्यात जीव आणि शिव यांच्या ऐक्याचे रूपक असून ते १८ प्रसंगांत विभागले आहे. विवाह जुळावा म्हणून उपवर मुलींनी या ग्रंथाचे पारायण करण्याची प्रथा महाराष्ट्रभर आढळते. रंगभूमीवर कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचे ‘संगीत स्वयंवर’ १९१६ मध्ये आले. भास्करबुवा बखले यांच्या चाली आणि बालगंधर्वांची रुक्मिणी यांमुळे ते मराठी संगीत नाटकाच्या इतिहासातील मानदंड ठरले.

वारी आणि लोकाचार

पंढरपूरची रखुमाई म्हणजेच कौंडण्यपूरची रुक्मिणी, ही वारकऱ्यांची श्रद्धा आहे. द्वारकेत रुसून ती दिंडीरवनात आली आणि तिचा शोध घेत कृष्ण पंढरीला पोहोचला, असे सांगतात. पंढरपुरात विठ्ठल व रुक्मिणी यांचे गाभारे वेगळे असण्याचे कारणही लोक याच रुसव्यात पाहतात.

आषाढी वारीसाठी कौंडण्यपूरहून रुक्मिणीची पालखी पायी पंढरपूरला जाते. तिची परंपरा चारशेहून अधिक वर्षांची असल्याचे सांगितले जाते. इतर प्रमुख पालख्या संतांच्या पादुका घेऊन निघतात, ही पालखी देवीच्या माहेरून निघते. ‘माहेरची पालखी’ या नात्यामुळे वऱ्हाडातील वारकरी, विशेषतः स्त्रिया, तिच्याकडे लेकीच्या घरी जाण्याच्या भावनेने पाहतात. विवाहापूर्वी वधूने गौरीहर पुजण्याच्या मराठी रिवाजाशीही रुक्मिणीचे अंबिकापूजन सहज जुळते.

इतिहास आणि पुरातत्त्व

कौंडण्यपूर येथे मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी उत्खनन केले व त्याचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे इसवी सनापूर्वीपासून सातवाहन काळापर्यंतच्या वस्तीचे अवशेष मिळाले. वाकाटकांच्या ताम्रपटांचे संपादन वा. वि. मिराशी यांनी केले असून तो खंड १९६३ मध्ये निघाला. या पुराव्यांवरून वर्धेच्या काठी एक प्राचीन नगर होते आणि भोजकट हे नाव निदान पाचव्या शतकात रूढ होते, एवढे सिद्ध होते. भीष्मक, रुक्मी व रुक्मिणी या ऐतिहासिक व्यक्ती होत्या, असे त्यावरून सिद्ध होत नाही. स्थळाची प्राचीनता आणि कथेची सत्यता हे दोन वेगळे प्रश्न आहेत. स्थानिक पुस्तिकांतून व भाषणांतून त्यांची अनेकदा सरमिसळ केली जाते.

अन्य प्रदेशांतील दावे

रुक्मिणीच्या माहेराचा मान इतर प्रदेशांनीही सांगितला आहे. अरुणाचल प्रदेशातील रोइंगजवळील भीष्मकनगर हे भीष्मकाच्या राजधानीचे स्थान मानले जाते आणि रुक्मिणी ही इदु मिश्मी समाजाची कन्या होती, अशी तेथील परंपरा आहे. पूर्वीच्या काळी या समाजातील लोकांची केस कापण्याची विशिष्ट पद्धत रुक्मीला झालेल्या शिक्षेशी जोडली जाई. आसामात शंकरदेवांनी ‘रुक्मिणीहरण’ या विषयावर काव्य व अंकिया नाट रचले. गुजरातमधील पोरबंदर जिल्ह्यातील माधवपूर येथे कृष्ण-रुक्मिणीचा विवाह झाला असे मानून रामनवमीपासून जत्रा भरते. २०१८ पासून तीत ईशान्येकडील राज्येही सहभागी होतात. प्राचीन ग्रंथांतील भूगोल मात्र दक्षिणापथातील विदर्भाकडेच निर्देश करतो. असे असले तरी इदु मिश्मींच्या परंपरेचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. एका कथेला अनेक घरे मिळणे हे तिच्या चैतन्याचे लक्षण होय.

आयरिश पुराकथांशी तुलना

पुराकथा भूमीत कशा रुजतात हे समजण्यासाठी आयर्लंडचे उदाहरण उपयुक्त आहे. आयरिश कथांचे चार चक्रांत वर्गीकरण केले जाते: देवकथांचे, अल्स्टरचे, फिन्न या वीराचे आणि राजांचे. मध्ययुगीन आयरिश वाङ्मयात ‘दिनशेनहस’ म्हणजे स्थळनामकथा हा स्वतंत्र प्रकारच आहे. प्रत्येक टेकडी, नदी वा डोह यांना हे नाव का पडले, हे तो सांगतो. कीचकदरा किंवा लवणासुराचे विवर या त्याच जातीच्या कथा होत. लोणारप्रमाणे उत्तर आयर्लंडमधील ‘जायंट्स कॉजवे’ हेही बेसाल्टचेच स्थळ आहे. तेथील खांबांसारखे खडक फिन्नने स्कॉटलंडला जाण्यासाठी रचले, असे लोक सांगतात.

डिअर्मिड आणि ग्रानिया यांची कथा रुक्मिणी-आख्यानाला विशेष जवळची आहे. राजकन्या ग्रानियाचे लग्न वृद्ध फिन्नशी ठरले असता ती तरुण डिअर्मिडची निवड करते आणि आपल्याला घेऊन जाण्याचे बंधन त्याच्यावर घालते. आयर्लंडभर विखुरलेल्या महापाषाणयुगीन शिलामंडपांना लोक या जोडप्याच्या ‘शेजा’ म्हणतात. मात्र ग्रानियाच्या कथेचा शेवट डिअर्मिडच्या मृत्यूत होतो, तर रुक्मिणी पट्टराणी होते.

जतनाच्या पद्धतीतही साम्य आहे. ख्रिस्तपूर्व देवतांच्या आयरिश कथा ख्रिस्ती मठांतील लेखकांनी उतरवून ठेवल्या, तर रुक्मिणीचे आद्य मराठी काव्य महानुभाव मठांतील पोथ्यांनी राखले. आयरिश स्थळनामकथांचे एक महत्त्वाचे संपादन करणारे व्हिटली स्टोक्स (१८३० ते १९०९) हे भारतात ब्रिटिश सरकारचे विधी सदस्य होते आणि येथे नोकरीत असतानाही त्यांचे केल्टिक संशोधन चालू होते.

आयर्लंडमध्ये या कथांना राजकीय अर्थही लाभला. लेडी ग्रेगरी यांनी १९०२ मध्ये कुहुलिन या वीराच्या कथा इंग्रजीत आणल्या, कवी येट्स यांनी त्यांवर नाटके लिहिली, आणि १९१६ च्या उठावाचे स्मारक म्हणून डब्लिनच्या मुख्य टपाल कार्यालयात मरणासन्न कुहुलिनचा पुतळा बसविला गेला. वऱ्हाडात असे घडले नाही. येथील कथेचे प्रतीक रणात पडणारा वीर नसून पत्र लिहिणारी कन्या आहे. तिचा वावर राष्ट्रीय स्मारकांत नसून लग्नघरांत, पारायणांत आणि वारीच्या वाटेवर आहे.

महत्त्व

वऱ्हाडातील पुराकथांचे मोल त्यांच्या ऐतिहासिक सत्यतेवर अवलंबून नाही. या कथांनी प्रदेशाला नावाचा अर्थ दिला, मराठीला आद्य कवयित्रीची रचना दिली आणि दूरच्या पंढरपूरशी लेकीचे नाते जोडले. महाराष्ट्र शासनाने मराठी भाषा विद्यापीठ रिद्धपूर येथे स्थापन केल्याने महदंबेच्या गावाकडे पुन्हा लक्ष वेधले गेले आहे. ग्रंथबद्ध आख्याने आज छापील स्वरूपात सहज मिळतात. कोरकूंची उत्पत्तिकथा, अकोल्याच्या राणीची कथा आणि गावोगावच्या स्थळकथा मात्र मुख्यतः सांगणाऱ्यांच्या स्मरणावर उभ्या आहेत. आयर्लंडमध्ये १९३५ साली स्थापन झालेल्या लोककथा आयोगाने शाळकरी मुलांकडून गावच्या वृद्धांच्या कथा लिहवून घेतल्या आणि त्यांचा मोठा संग्रह उभा राहिला. वऱ्हाडातील मौखिक कथांच्या जतनासाठी हा मार्ग अनुकरणीय आहे.